घासणाऱ्या टायरचा बंदोबस्त

१२ मे, रविवार
ट्रक तयार. तीन इंच उचलला, पस्तीस इंची टायर चढवले. आता याला साधा पिकअप म्हणायची कुणाची हिंमत नाही. शेजारी उभं राहिलं की बॉनेट छातीला लागतं. इथे आयडाहोत निम्म्या लोकांनी ट्रक उचललेत, पण ते मिरवायला. माझं तसं नाही. माझ्याकडे कारण आहे.

कारण लिहून ठेवतो. चौदा जूनला आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात. त्या दिवशी लोरीनला कॉपर लेकला नेणार. लग्न झाल्यावर चार दिवस आम्ही तिथेच तंबूत राहिलो होतो. वरचा रस्ता म्हणजे नुसते धोंडे. ती कित्येक वर्षं म्हणायची, डेल, एकदा जाऊ या ना. मी म्हणायचो, या ट्रकनं जमायचं नाही. आता जमेल.

लोरीन सध्या गावात तिच्या थोरल्या बहिणीकडे, वांडाकडे आहे. फेब्रुवारीत गुडघा बदलला, आणि आमच्या घराला पायऱ्या फार. म्हणून गेली. अकरा आठवडे झाले. गुडघ्याला वेळ लागतोच. हेअर ड्रायर इथेच ठेवून गेलीय, म्हणजे येणारच.

१३ मे
डावीकडे पूर्ण वळवलं की खर्रर्र. उजवीकडे वळवलं तरी खर्रर्र, पण जरा कमी.

गसला दाखवलं. गस माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं टायरचं दुकान आहे, त्यामुळे टायरमधलं आपल्याला कळतं असा त्याचा समज झालाय. म्हणाला, तेहतीसचे घे म्हणून कानीकपाळी ओरडत होतो. पस्तीसला आत जागाच नाही. मी म्हटलं, नसेल तर करू जागा. तो म्हणाला, कर बाबा, तुझा ट्रक, तुझी करवत.

एकोणीस वर्षं शाळेची बस चालवतोय. वळण मला शिकवू नये.

१६ मे
स्पेसर लावले, चाकामागे बसवायच्या जाड चकत्या. म्हणजे चाक इंचभर बाहेर आलं. आत घासत होतं ते थांबलं. आता बाहेर बंपरच्या कोपऱ्याला घासतं, आधीपेक्षा जास्त. आगीतून फुफाट्यात. गस म्हणाला, चाक बाहेर काढलंस की वळताना मोठा फेरा घेणारच. म्हटलं, माहीत होतं, खात्री करून घेत होतो.

१९ मे
स्पेसर काढले. तात्पुरता उपाय: डावीकडे वळायचंच नाही. नुसतं उजवीकडे वळत किराणा दुकानात जायला अकरा मैल पडतात. एरवी तीन. पण गाव छान बघून होतं.

वाटेत वांडाचं घर लागलं. लागलं म्हणजे, त्या बाजूने गेलं तर लागतं. वांडा अंगणात उभी होती. म्हणाली, कोपऱ्यावर चाक किंचाळलं तेव्हाच कळलं तू आलास. मी विचारलं, लोरीन? म्हणाली, ती फिरायला गेलीय, आणि तू निघ आता, माझा कुत्रा घाबरलाय. फिरायला जाते म्हणजे गुडघा सुधारतोय. चांगली बातमी.

२३ मे
चाकामागचं प्लास्टिक गरम करून आत दाबायचं असतं. त्याला गरम हवेची बंदूक लागते. ती गसकडे आहे, पण तत्त्व म्हणून मागितली नाही. लोरीनचा ड्रायर वापरला. चाळीस मिनिटांत प्लास्टिक मऊ झालं. मग ड्रायरही मऊ झाला.

तेवढ्यात फोन. लोरीनचा, नऊ दिवसांनी. विचारलं, माझा ड्रायर तिथे राहिलाय का? म्हटलं, शोधतो. मग ती म्हणाली, डेल, नीट जेवतोस ना? मी म्हटलं, ट्रकचं काम निघालंय, वेळ कुठाय. ती मग बरं म्हणाली आणि ठेवला.

ड्रायर मागते म्हणजे चौदा तारखेला केस करायचा बेत दिसतो. तसलाच नवा मागवला.

२७ मे, सुट्टी
बंपरचा कोपरा कापला. सरळ रेघ मारली होती, ग्राइंडर मात्र आपल्या मनाने गेला. उजवीकडचा आवाज पूर्ण बंद. निम्मी लढाई जिंकली.

संकल्प: चौदापर्यंत बिअर नाही.

१ जून
चोर सापडला. दाराखाली पाय ठेवायला जी लांब पायरी असते, तिचं पुढचं टोक. डावं वळण घेतलं की टायर तिला चाटून जातो. गस बिअर घेऊन आला होता (त्याचा मान म्हणून एक घेतली). तो म्हणाला, टोक तेवढं काप, नाहीतर माझं ऐक, तेहतीस घाल. मी म्हटलं, अर्धवट काम आपल्या रक्तात नाही. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या काढून टाकल्या.

बोल्ट गंजले होते, पाच तास गेले. पण मग चाक पूर्ण डावीकडे फिरवलं आणि काही नाही. शांतता.

गस म्हणाला, लोरीन चढणार कशी? म्हटलं, का, ती काय म्हातारी झाली? तो माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, तिच्या गुडघ्यात धातू घातलाय, डेलमर. म्हटलं, मग उलट मजबूत झाला असेल. यावर तो बिअर अर्धी टाकून गेला.

८ जून
शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं आठाचे आकडे काढले. एकदाही आवाज नाही. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती तिथे.

लगेच लोरीनला फोन केला. म्हटलं, चौदाला दहा वाजता येतो, चांगले बूट घाल. ती मग म्हणाली, ये. आणि म्हणाली, आपल्याला बोलायला हवंय, डेल. म्हटलं, बोलू की, रस्ता लांबचा आहे.

ये म्हणाली.

१४ जून, दुपारी साडेबारा, घरी
नीट लिहून काढतो.

दहाला पाच कमी असताना पोचलो. ती निळा शर्ट घालून बाहेर आली. हातात टोपली. सँडविच आणि रुबार्बच्या आंबट देठांचा गोड पाई, म्हणजे सकाळी उठून भाजला असणार. माझ्यासाठी एवढं करून किती दिवस झाले होते.

मी दार उघडलं. सीट तिच्या हनुवटीला आली. तिनं दांडी धरली, चांगला पाय उचलला, पोचला नाही. मी मागून आधार दिला. ती म्हणाली, थांब, डेल, दुखतंय. वांडानं आतून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, ते गवतात डगमगलं. लोरीननं खाली बघून विचारलं, पायऱ्या कुठे गेल्या? मी म्हटलं, घासत होत्या.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली, जाऊ दे. वांडाची गाडी घेऊ. मी चालवते. तू नुसता बस.

मी म्हटलं, ती डबी त्या धोंड्यांतून जाईल?

ती म्हणाली, दोन वर्षं झाली, डेल, तो रस्ता डांबरी केलाय, अगदी तळ्यापर्यंत. मी आणि वांडा तीनदा जाऊन आलो. तुला सांगितलं होतं मी. जेवताना फोटो दाखवला होता.

मला फोटो आठवत नाही. हातात फोन होता एवढं आठवतं. माझा.

तरीसुद्धा ती टोपली घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. गाडीची किल्ली वांडाच्या खिशात होती. हो म्हणायचं होतं फक्त. आणि मी म्हटलं, मग हा ट्रक केला कशाला? जायचं तर यातूनच.

बरं, म्हणाली. टोपलीतून पाई काढून माझ्या हातात दिला. हा तुला. आणि आत गेली. वांडानं स्टूल उचललं. तीही आत गेली. 

लोरीन चिडली नव्हती. थकली असेल. गुडघ्यामुळे.

१५ जून
एकटाच गेलो कॉपर लेकला. गुळगुळीत काळा रस्ता, मधे पांढरी रेघ. पुढे एक म्हातारं जोडपं स्कूटरवर होतं. वर पार्किंग आहे, संडास आहेत, बाकं आहेत. बाकावर बसून सगळा पाई एकट्यानं खाल्ला. चांगला झाला होता. 

गुडघ्यामुळे नाही गेली ती. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

१८ जून
गसकडे जाऊन तेहतीसचे टायर घातले. पायऱ्या परत लावल्या. गस एकदाही म्हणाला नाही की मी सांगत होतो. बोल्ट त्यानेच आवळले, मला नीट दिसत नव्हतं.

लोरीनला सांगायला फोन केला. तिनंच आधी सांगितलं. वाचनालयामागे दोन खोल्या घेतल्यात, तळमजल्यावर. शनिवारी सामान न्यायला येईन. मी म्हटलं, ट्रक घेऊन येतो, एका खेपेत होईल. म्हणाली, नको रे, वांडाची गाडी पुरेल.

२२ जून, शनिवार
आली. मी तिला घराच्या पायऱ्या चढू दिल्या नाहीत. तिनं अंगणातून सांगायचं, मी आणून द्यायचं. कपडे, भांडी, तिच्या आईची रजई, मुरांब्याच्या रिकाम्या बरण्या. वांडाच्या गाडीत सगळं मीच भरलं. एकोणीस वर्षं बसमध्ये पोरं आणि दप्तरं कोंबलीत, एक इंच वाया घालवला नाही. ती म्हणाली, किती नीट लावलंस, डेल. नवा ड्रायरही दिला. त्यावरून ती थोडी हसली.

ती स्टिअरिंगमागे बसली. काच खाली केली. तेव्हा मी विचारलं. म्हटलं, लोरीन, तळ्यावर जाऊ या का? आत्ता. या गाडीतून. तू चालव, मी नुसता बसतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले, खोटं नाही लिहीत. मग तिनं शेजारच्या सीटकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथे बरण्यांचं खोकं होतं. मीच ठेवलं होतं, फुटू नये म्हणून पट्टा लावून.