सातवी ओळ

८ जाने. २००८
आज पुन्हा तेच. तिन्ही फोटो पडद्यावर एकाखाली एक लागतात, पण मध्ये पांढरी फट. काडीएवढी. बियाण्याची उगवण तपासायच्या ट्रेचे फोटो. ट्रे लांब, कॅमेरा जवळ, म्हणून वरचा, मधला, खालचा असे तीन काढावे लागतात. जुळून एक अख्खा ट्रे दिसायला हवा. दिसतात तीन खिडक्या.
कंपनीच्या मालकांचे चिरंजीव नितीनभैया मागे येऊन उभे. "मॅडम, ये बीच में क्या है? ट्रे फुटला का?" सगळे हसले. मीही हसले.
१८ ला डीलर येणार, त्यांना ज्वारीचा नवा लॉट या पडद्यावर दाखवायचा. जमलं तर माझी नोकरी पक्की. नाही तर तीन महिन्यांची बोली संपली.

९ जाने.
अण्णांचा फोन, घरून, मंठ्याहून. "तुझं बसलं का तिथं? मंग ताराला बी कॉलेजात घालू. न्हाईतर बारावी बास झाली तिला."
बसलंय म्हटलं. खोटं.
घरातली पहिली पदवी माझी. दुसरी, धाकट्या बहिणीची, होणार की नाही, हे दोन फोटोंमधल्या फटीवर? असं कसं…

१० जाने.
ट्रेत ओला पांढरा कागद असतो. फट म्हणजे फोटोच्या कडेचा तोच कागद, असं वाटलं. दिवसभर कडा कापत बसले. कापायचं, सेव्ह करायचं, चालवून बघायचं, परत कापायचं. फट तेवढीच. डोळे चुरचुरतात.

११ जाने.
सापडलं! दोष फोटोत नव्हताच. माझ्या पायथन प्रोग्राममध्ये फोटो ज्या चौकटीत, म्हणजे लेबलवर, बसतो, त्या लेबलला न मागता बॉर्डर मिळते, आत थोडी मोकळी जागाही. दोन्ही शून्य केलं. फोटो चिकटले. खिडकी मोठी केली की परत फट. खिडकीबरोबर लेबलांनाही ताणायची मुभा दिली होती, ती काढली. आता कशीही ओढा, एकच ट्रे.
नि.भैया: "अब आया ना! बिलकुल बराबर. लॉट तर भारी दिसून राह्यला."
ताराला फोन केला. फॉर्म आणून ठेव म्हटलं.

१४ जाने.
कौसामावशींना पडदा दाखवला. ट्रेत दाणे लावणं आणि कोंब मोजणं, अठरा वर्षं त्याच करतात. आपले कोंब पडद्यावर बघून आधी लाजल्या. मग बोट लावून मोजायला लागल्या.
"ताई, नऊच ओळी."
"दहा असतील मावशी, नीट बघा."
"नऊच हैत. माझी सातवी कुठं गेली?"
मी मोजल्या. नऊ.
मग सांगितलं त्यांनी. दाणे निवडताना सुरकुतलेले, चिरलेले निघतात. ते ट्रेभर विखुरले की नजरेतून सुटतात, म्हणून त्या सगळे सातव्या ओळीत लावतात. कुणी सांगितलेलं नाही, त्यांचीच रीत. या वेळी त्या ओळीत एकही कोंब आला नव्हता. पांढरी ज्वारी, पांढरा कागद. मी कडा कापताना ती कोरा कागद समजून कापून टाकली.
म्हणून लॉट भारी दिसतोय.

१५ जाने.
मूळ फोटो नाहीत. त्यांच्यावरच सेव्ह करत गेले. ट्रे मोजून झाला तसा रिकामा केला, कोंब उकिरड्यावर गेले. नवा ट्रे लावला तर दहा दिवस. १८ ला तीन.
मावशींच्या वहीत आहे: सातवी ओळ, दहा दाणे, कोंब शून्य. वही मला दिली. "तुम्हीच बघा आता. म्या काय बोलू?"
फट होती तोवर निदान विचारायला जागा होती, मध्ये काय राहिलं म्हणून. आता कुणी विचारणार नाही.

१६ जाने.
नि.भैयांना सांगितलं. वही पुढे ठेवली. उघडली नाही.
"पडद्यावर ओळी कोण मोजतंय? तुला फट काढायला सांगितली, तू काढली. बात खतम."
"पण भैया, बी खराब आहे ते—"
"तू कॉम्प्युटरवाली आहेस ना? मंग कॉम्प्युटर बघ."
आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

१७ जाने.
ताराचा फोन. फॉर्म आणला, सही कुठे करायची विचारत होती. थांब जरा म्हटलं. "का गं?" फोन ठेवला.
पेरणीला हेच बी कुणीतरी पिशवी फोडून…

१८ जाने.
बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आत डीलर आहेत, दार अर्धं उघडं.
सकाळी लवकर आले. सातव्या ओळीच्या जागी एका ओळीएवढी कोरी पट्टी घातली. इतके दिवस जी घालवण्यासाठी झटले, ती फट स्वतःच्या हाताने, मापून. तिच्यावर लिहिलं: 'सातवी ओळ. दहा दाणे, कोंब नाही. फोटो माझ्या चुकीने कापला गेला.' खाली माझं नाव.
पडदा सुरू झाला तेव्हा नि.भैयांची पाठ माझ्याकडे होती. चेहरा दिसला नाही. बंद करायला मात्र हात पुढे गेला नाही.
अंबडचे एक म्हातारे डीलर चष्मा कपाळावर सारून वाकले. बोटाने ओळी मोजू लागले, मावशींसारखेच. सातवर बोट थांबलं.
"हे कुणी लिवलं?"
मग नि.भैयांनी माझं नाव घेऊन हाक मारली. मॅडम नाही, नुसतं नाव.
जाते.