आठ अंडी आणि मामाचं गणित

पार्से, पेडणे
श्रावणातला शुक्रवार

चिरंजीव यशवंतास देवकीताईचे पोटभर आशीर्वाद. तू आणि पूजा दोघं बरी आहात ना? बंदरावरची धूळ खाऊन लागलेला तुझा खोकला गेला का? आमच्याकडे सगळं क्षेम, फक्त झोप तेवढी नाही. फोनच करणार होते, पण मी बोलायला लागले की मागून सात कोंबडे ओरडतात. म्हणून कागद घेतला.

चैत्रात तू ऋतिकाला (सातवीत गेली हो तुझी भाची!) फोनवर संभाव्यता शिकवलीस. नाण्याला छापा नाहीतर काटा, तसं अंड्यातून कोंबडी नाहीतर कोंबडा, म्हणजे निम्मे-निम्मे. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी प्रयोग करून आणायला सांगितला होता आणि आमची कोंबडी खुडूक बसलेलीच होती, तेव्हा पोरीने आठ अंडी तिच्याखाली सरकवली. आठही फुटली. मी बापडी (गणितात माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे) तुझ्या शब्दावर चार कोंबड्या धरून चालले, त्यातल्या दोन शांता जाऊबाईंना कबूलही करून बसले. मग एकेकाच्या डोक्यावर तुरा दिसायला लागला. चार कोंबडे झाले तेव्हा म्हटलं, चला, त्यांचा वाटा संपला, आता उरलेल्या सगळ्या कोंबड्याच. तर पाचवा जनेलावर चढून गजांतून घरात डोकावून आरवला! शेवटी सात कोंबडे आणि एक कोंबडी. पाव विकणारा पोदेर यायच्या कितीतरी आधी सगळा वाडा जागा होतो आणि नाव माझं घेतो.

बाई मात्र खूश. म्हणाल्या, कागदावरची संभाव्यता निम्मी, प्रयोगातली आठांत सात, फरक पडायचाच. शेकड्यांनी अंडी उबवलीस की आकडा निम्म्याकडे सरकेल. शेकड्यांनी! हे ऐकून तुझे भावोजी जे गोठ्यात गेले ते जेवायलाच परत आले.

बरं, कोंबडे द्यायचे कुणाला? श्रावणात फुकट दिला तरी कोणी घेत नाही. जाऊबाई म्हणाल्या, गणपतीची चवथ होऊन जाऊ दे, मग सातही मीच नेते, आणि लगेच रश्शाला खोबरं किती लागेल ते विचारायला लागल्या. ऋतिकाने ते ऐकलं. कालपासून पोर जेवलेली नाही रे.

तुझी,
देवकीताई

ता.क. रविवारी गाडी घेऊन ये आणि सातही तुझ्याकडे ने. फक्त कापायचे नाहीत.

ता.क. दुसरा. हे ऋतिकाला सांगितलं. मामाकडे कोंबडा कापला जाण्याची संभाव्यता शून्य, असं मी ठणकावून म्हटलं. ती म्हणाली, ते कागदावर. मामा आपल्याकडे आला आणि कोंबडी न खाता गेला, असं एकदा तरी झालंय का?

ता.क. तिसरा. आता तिची अट ऐक. कोंबडे इथेच राहतील, तू येऊन तिच्यासमोर डाळभात खाऊन दाखवायचा. एका जेवणाने काही सिद्ध होत नाही म्हणते, तेव्हा दिवाळीपर्यंत दर रविवारी ये. श्रावणातले रविवार ती धरत नाही.