यंत्रातली पैमाइश

बाबा, तुम्ही माझ्या कामाच्या ठिकाणी आयुष्यात एकदाच आलात, आणि तेही न कळवता. उटनूरला जंगलातल्या गावांसाठी चालणारं ते छोटं आरोग्य केंद्र, त्याच्या मागच्या अंगाला औषधांची कोठी, आणि त्या कोठीतली अर्धी जागा अडवून केलेली माझी कंप्युटरची खोली. शतक संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. मी मान वर करून पाहते तर दारात तुम्ही उभे, हातात डबा, डोक्यावर टोपी, पायांतल्या वहाणा काढून बाहेर नीट एका रेषेत ठेवलेल्या. काढा असं तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दाराशी माझ्या चपला दिसल्या त्यावरून तुम्ही ताडलंत. धूळ आत जाऊ नये म्हणून तेव्हा कंप्युटरच्या खोलीत अनवाणीच जायचं असे, पण तुमच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की आत देव बसलाय अशीच तुमची समजूत झालीय. "या ना बाबा," म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "तुह्यं पोट ज्याच्यावर चालते ते एकदा पाहून जाव म्हटलं, माय." हे अर्धं खरं होतं. रिटायर होऊन चार महिने झाले होते, तलमडुगुच्या घरात तुम्ही दिवसभर आईच्या पायांत पायांत येत होतात, आणि तिनंच तुम्हाला भाकरी बांधून देऊन एसटीत बसवलं होतं हे मला तिच्या पत्रातून नंतर कळलं.

त्या दिवशी मी जे करायला बसले होते त्याची मनातून मला धास्ती होती. केंद्राला नवा कंप्युटर आला होता, आत विंडोज घातलेलं, दिसायला देखणा. पण आमचा दर महिन्याचा अहवाल ज्या प्रोग्रॅममध्ये तयार व्हायचा तो विंडोजच्या आधीच्या, जुन्या डॉसवरचा, आणि या नव्यावर तो सुरू केला की पडदा काळा करून गप्प बसायचा. जुना कंप्युटर पावसाळ्यातच मेला होता. वरचे साहेब फोनवर म्हणाले, जुनं डॉस टाकून घ्या. सांगायला काय जातं! जुन्या डॉसला नव्या पद्धतीनं आखलेली हार्ड डिस्क वाचताच येत नव्हती, आणि दोन जीबीहून मोठा तुकडा त्याच्या नजरेत मावत नव्हता. म्हणजे आधीची सगळी आखणी पुसायची, डिस्कचे नव्यानं तीन वाटे घालायचे, एकेक वाटा फॉरमॅट करून साफ करायचा, आणि मग त्यावर जुनं डॉस चढवायचं. पुसलेलं परत आणायची सोय माझ्याकडे नव्हती. आदिलाबादचा मेकॅनिक पंधरा दिवस येणार नव्हता. माझ्याजवळ एक पुस्तक होतं, काही फ्लॉप्या होत्या, आणि तेविसाव्या वर्षी माणसाला असतो तेवढा फाजील आत्मविश्वास होता.

हे सगळं मी तुम्हाला समजावून सांगितलं, खरं तर स्वतःला धीर यावा म्हणून. तुम्ही स्टुलावर बसून ऐकत होतात, आणि मध्येच तुमचे डोळे चमकले. "हे तं पैमाइशच हाय व!" तुम्ही म्हणालात. तुमची सगळी नोकरी महसुलात, शेतांची मोजणी करण्यात गेलेली. मोजणीला तुम्ही शेवटपर्यंत निजामाच्या काळातला तोच शब्द वापरलात, पैमाइश, आणि मोजायच्या लोखंडी साखळीला जरीब. मला हसू आलं. आता हे मला माझं काम शिकवणार, असंही वाटलं.

तुमची पैमाइश मी लहानपणी पाहिली होती. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल, उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही मला बरोबर न्यायचात आणि मी पहिल्या तासातच कंटाळायचे. कारण तुम्ही जरीब लगेच उलगडायचाच नाहीत. वाटणी मागणारे भाऊ उन्हात ताटकळताहेत, साखळी ओढणारे दोघे झाडाखाली विड्या ओढताहेत, आणि तुम्ही आपले एकटेच सगळ्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत निघालात. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून रिकाम्या शिवाराकडे तोंड करून ओरडायचात, "कोनाचं काई हाय का इथं?" दहातल्या नऊ वेळा कोणी उत्तर देत नसे. लोक पाठीमागे तुमची नक्कल करायचे, मीही केलीय. एकदा मात्र, पाच जणांनी पडीक म्हणून सांगितलेल्या तुकड्यावर नाल्याकडून एक म्हातारी उठून आली. कडेला तिनं अंबाडीच्या दोन ओळी लावल्या होत्या, कैक वर्षं लावत होती. तुम्ही जरीब खाली ठेवलीत आणि तिचं म्हणणं कागदावर उतरवून घेईपर्यंत उचलली नाहीत. दुपार टळली. मी पोटातल्या कावळ्यांमुळे चिडून म्हणाले, "दोन ओळींसाठी एवढं काऊन?" तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत, "तुले भूक लागली म्हनून तिची भाजी उपटू काय?" तो राग माझ्या मनात बरीच वर्षं होता.

तर उटनूरच्या त्या खोलीत मी डॉसची फ्लॉपी घालून कंप्युटर चालू करते, आखणीचा प्रोग्रॅम उघडते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. तुम्ही खुर्चीमागे येऊन उभे राहता, "काय म्हनते तो?" मी वाचून दाखवते: डिस्कवर एकच मोठा तुकडा आहे, आणि जुन्या डॉसनं त्याच्यापुढे लिहिलंय की तो माझा नाही, माझ्या ओळखीचा नाही. "म्हणजे पुसायला मोकळं," मी म्हणते. पुसू का, हो की नाही, असं यंत्र विचारतं. होसाठी वाय. माझं बोट वायवर जातं.

"थांब," तुम्ही म्हणता. "वळखीचं नाई म्हंजे रिकामं हाय काय? कोनाचं काई हाय का त्याच्यात, इचारलं कोनाले?"

मी म्हणाले, बाबा, नवा कंप्युटर आहे, येऊन पंधरा दिवस झालेत, त्यात असणार काय? तुम्ही तसेच अनवाणी बाहेर गेलात. आणि मी, मनात चडफडत, बोट वायवरून काढून बसून राहिले. तेवढं एक बरं केलं. बाहेर तुमचा आवाज ऐकू येत होता. औषधं देणाऱ्याला विचारलंत, झाडणाऱ्या बाईला विचारलंत, आणि शेवटी सिस्टरला तिच्या तेलुगूत, "अम्मा, दीन्लो मीदि एमैना उंदा?" म्हणजे यात तुमचं काही आहे का. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. झाडणाऱ्या बाईचं कंप्युटरात काय असणार!

सिस्टर धावतच आत आली. मी मावसबहिणीच्या लग्नाला आठ दिवस गेले होते, तेव्हा तिनं एकेका बोटानं टाइप करून तीन गावांतल्या लेकरांच्या रक्ताच्या तपासण्या त्या नव्या कंप्युटरात भरून ठेवल्या होत्या. ज्या आजारात रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्याची तपासणी. कोणाला गोळ्या सुरू करायच्या, कोणाला जपायचं, सगळं त्यात. "और कागज?" मी विचारलं. ती म्हणाली, "कागज तो उन लोगों को दे दिये ना. कंप्युटर में गया तो पक्का." तिचं तरी काय चुकलं? रजिस्टरात उतरवलं की ते पन्नास वर्षं कपाटात राहतं, हेच तिनं पाहिलं होतं. आणि तिकडे गावात ते कागद छपरात खोचलेले, भिजलेले, हरवलेले. त्या आया किती मिनतवारीनं लेकरांच्या बोटाला सुई लावू द्यायला तयार झाल्या होत्या हे मला माहीत होतं. दुसऱ्यांदा त्या आल्याच नसत्या. एका बोटाचं अंतर राहिलं होतं, बाबा.

फ्लॉपी काढून कंप्युटर परत विंडोजमध्ये चालू केला. सिस्टरची यादी उघडली, ती जशीच्या तशी होती. त्या यादीच्या दोन फ्लॉप्यांवर प्रती घेतल्या. पण उटनूरच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी यायची, जुन्या डॉसमध्ये ती यादी उघडणार नव्हती, आणि प्रिंटर अजून या नव्याशी बोलायला तयार नव्हता. तुम्ही टोपी काढून टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "रजिस्टर दे. मी ल्हितो, तू वाच." मी पडद्यावरून वाचत गेले, तुम्ही लिहीत गेलात, सिस्टरला वाचता यावं म्हणून तेलुगूत, एकही खाडाखोड नाही, रेषा न आखता सरळ ओळी. आणि वाचता वाचता मी थक्क होत गेले. आडनाव आणि गाव ऐकलं की तुम्ही मान न उचलता म्हणायचात, "याच्या आज्याचं वावर नाल्याच्या वरतं हाय." "ही वाट पावसात बंद राह्यते, गोळ्या पयलेच पोचवा लागन." सिस्टर तुमच्या तोंडाकडे पाहत राहिली. मला तोपर्यंत ती नुसती यादी होती. तुम्ही बोललात आणि एकेका ओळीमागं घर दिसायला लागलं, घराला वाट दिसायला लागली. एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात मावतं, आणि तो माणूस माझ्या घरात राहतो, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं.

मग मी वाय दाबलं. जुनी आखणी गेली. तीन वाटे घातले, तुम्ही प्रत्येकाचं माप विचारून घेतलंत. फॉरमॅट करताना यंत्रानं पुन्हा विचारलं, सगळं जाईल, चालेल का? तुम्ही खूश होऊन म्हणालात, "हे बी इचारते!" डिस्क आतून कुरकुरायला लागली, पडद्यावर टक्के मोजले जाऊ लागले, एक, दोन, तीन. तुम्ही पुढं वाकून, हात पाठीमागे बांधून उभे होतात. सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांना तुम्ही हळूच विचारलंत, "आता अंदर काय हाय?" मी म्हणाले, काही नाही. "काईच नाई?" काहीच नाही, बाबा. "एवढी उमर गेली माही," तुम्ही म्हणालात, "पन असी जागा मी पायली नाई व, जिथं कोनाचंच काई नाई." त्यानंतर मी शेकडो डिस्का पुसल्या असतील. शंभर टक्के झाले की आजही माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो तुमच्या त्या वाक्यानं येतो.

दुपारी डॉक्टर गावाहून परतले. सिस्टरची ड्यूटी संपून ती घरी गेली होती. जुना प्रोग्रॅम सुरू झालेला पाहून ते खूश झाले, मग रजिस्टर पाहिलं, काय झालं ते ऐकलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. खुर्चीत बसत त्यांनी विचारलं, "ये पूछने का खयाल किसको आया?" मी म्हणाले, "मुझे, सर. मिटाने से पहले सबसे पूछ लिया." तुम्ही तिथंच बाकावर बसून डबा आवरत होतात. उर्दू शाळेत शिकलेला माणूस, हिंदी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळायची. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि माझे वडील म्हणून मी ओळख करून दिल्यावर उठून नमस्कार केलात. डॉक्टर म्हणाले, बेटी होशियार है आपकी. तुम्ही म्हणालात, "जी."

मला वाटलं, बस स्टँडवर तरी तुम्ही काही बोलाल. मी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं होतं. पण तुम्ही शेजारी बसलेल्या कुठल्याशा अनोळखी म्हाताऱ्याला सांगत होतात, "माही पोरगी हाय हे. पयले इचारते, मंग हात लावते. डाक्टरच म्हनले." तुम्ही टोमणा मारत नव्हतात. तुमच्या आवाजात नुसता अभिमान होता, आणि तो खरा होता. बस आली, तुम्ही खिडकीतून हात हलवलात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्या दोन वर्षांत हा विषय ना तुम्ही काढलात ना मी.

आता मी नव्या पोरांना हेच काम शिकवते. तुकडे आता खूप मोठे असतात, सगळं काही मिनिटांत होतं. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिते, पुसण्याआधी फिरून विचारा, अगदी झाडणाऱ्या बाईलाही. पोरं हसतात आणि मग लिहून घेतात. मागच्या महिन्यात उटनूरकडचीच एक मुलगी, त्या जंगलातल्या गावची, वर्ग संपल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, ही सवय तुमाले कोनी लावली?" इतकं सरळ आजवर कोणीच विचारलं नव्हतं. तुमचं नाव ओठांवर आलं होतं, बाबा. मी म्हणाले, "अनुभवानं येतं गं."

तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून हे लिहिणं मला सोपं गेलं. त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे. तिला मी अजून काही कळवलेलं नाही.