मदरबोर्ड बदलल्यानंतरचे नऊ दिवस

९ नोव्हेंबर, सोमवार

जमलं! मिक्सरचं भांडंसुद्धा हिला धड बसवता येत नाही, असं नवरा चारचौघांत सांगतो. त्याच मी आज कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलला! प्रोसेसर नवा, मेमरी नवी. नवरा टॉर्च धरून उभा, आणि दर दोन मिनिटांनी, "हा स्क्रू उरला, चालेल का?" चालेल! शाळेच्या लायब्ररीचा नकाशा आता पडद्यावर गर्रकन फिरतो. आधी एक भिंत सरकवली की चहा करून यावं लागायचं.

आई दारातून बघत होती. म्हणाली, "छान झाली… भाजी." चूक तिची तिलाच कळली. मान हलवून आत गेली. एप्रिलमध्ये मेंदूला तो झटका येऊन गेल्यापासून शब्द असे दगा देतात. तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आनंद चोवीस तासही टिकला नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं — "सिस्टीम सक्रिय करा." बोर्ड बदलला ना, म्हणून तिला वाटतंय हा कॉम्प्युटरच दुसरा! अगं बाई, टेबल तेच, खुर्ची तीच, मीही तीच! सॉफ्टवेअरच्या खोक्यावरची पंचवीस अक्षरी 'प्रॉडक्ट की' टाकली. उत्तर — "ही दुसऱ्या मशीनवर वापरात आहे." ते दुसरं मशीन म्हणजे हेच की! सहा वेळा टाकली. सहा वेळा तेच.

शुक्रवारी शाळेत नकाशा मोठ्या पडद्यावर दाखवायचाय. नोकरी सोडल्यावरचं माझं पहिलं स्वतःचं काम. कोपऱ्यात ही अक्षरं झळकली की मुख्याध्यापिकाबाई म्हणणार, चोरीचं सॉफ्टवेअर वापरते!

त्यात घसा बसलाय. दुष्काळात तेरावा महिना.

११ नोव्हेंबर, बुधवार

दादाचा फोन. रविवारी येतोय, आईच्या घराचं काय ते ठरवायला. त्याचं एकच पालुपद — "अडीअडचणीला फोन करून मदत मागता येत नसेल, तर तिने एकटीने राहायचं नाही. घर विकू." मी नुसतं हूं हूं. तो चूक बोलत नाहीये, म्हणून जास्त संताप येतो. ते घर तिने एकटीने उभं केलंय. झाडं, कपाटं, सगळं तिच्या हातचं.

आणि फोन! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आई. अख्ख्या गावाला एकमेकांशी जोडून दिलं. आता फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन बसते. आजही दादाशी बोल म्हटलं तर हातानेच नको म्हणाली. मागाहून मला म्हणते, "विकून टाका." हे दोन शब्द मात्र कसे चोख आले!

१२ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं लिहून ठेवते. असा दिवस पुन्हा येणार नाही!

सक्रिय करायचा शेवटचा मार्ग फोनचा. हेल्पलाइन दहा ते सहा, नवरा कामावर, माझ्या गळ्यातून नुसती हवा. आधी रेकॉर्ड केलेल्या बाईने बटणं दाबायला लावली. स्क्रीनवर दिसणारे आकडे, नऊ गट, एकेका गटात सात. सगळे घेऊन झाल्यावर म्हणते, होत नाही, माणसाला जोडते. माणूस म्हणजे एक तरुण मुलगी. "आकडे वाचून दाखवा." मी "ह्ह्ह" केलं. "हॅलो? आवाज येत नाहीये." आता ठेवणार ही! मी धावत स्वयंपाकघरात गेले, स्पीकर लावला आणि फोन आईच्या हातात कोंबला.

आई पांढरीफटक. मी हात जोडले. आणि तिच्या तोंडून निघालं काय — "नंबर प्लीज!"

मुलगी गडबडली. "मॅडम, नंबर तुम्ही सांगायचाय."

"तुम्ही सांगा, मी जोडून देते."

"अहो, नंबर तुमच्याकडेच आहे!"

"माझ्याकडे कसा असेल?" आई चक्क वैतागली. एप्रिलनंतर पहिल्यांदा ती कुणाशी तरी भांडत होती, आणि एकही शब्द चुकला नव्हता!

मी तिला ओढत खुर्चीपर्यंत आणलं, पहिल्या गटावर बोट ठेवलं. तिने पाठ ताठ केली. मग एकेक आकडा, सुटा, स्वच्छ, मध्ये नेमकं तेवढंच थांबून. मी दुसऱ्या गटावर बोट सरकवलं तर हातावर चापट — "दिसतंय मला." पाचव्या गटात अडली. ओठ हलले, आकडा येईना. डोळे भरून आले. मला सांगताही येईना!

मग म्हणाली, "सहाच्या पुढचा."

"सात. लिहिला," मुलगी म्हणाली. "सावकाश सांगा हो, घाई नाही."

नऊही गट पार! मग मुलीने तिकडून आठ गट सांगितले. आईने प्रत्येक गट परत म्हणून दाखवला, मी टाइप केला. कोपऱ्यातली अक्षरं गायब! मुलगी म्हणाली, "इतकं छान कुणी वाचत नाही." आई म्हणाली, "ठेवा आता. लाइन अडवू नका."

फोन ठेवला आणि म्हणाली, "दमले बाई. जरा… खिडकी दे." हवा होता चहा. दोघी इतक्या हसलो! माझ्या हसण्याला आवाजच नव्हता, त्यावर ती आणखी हसली.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

नकाशा पास! मुख्याध्यापिकाबाईंना फक्त एक खिडकी मोठी हवीय. घ्या, दोन घ्या!

१५ नोव्हेंबर, रविवार

दादा आला. आई फोनवर बोलली, यावर त्याचा विश्वासच बसेना. म्हणून बाहेर जिन्यात जाऊन घरी फोन लावला. आईने तीन रिंग जाऊ दिल्या. मग उचलला, स्पीकर लावून.

"आई, मला बरं वाटत नाहीये, काय करशील?" तो नाटकी आवाजात.

"आधी जिन्यातून वर ये. आवाज घुमतोय."

वर आला तेव्हा दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. मग दोघं तासभर आत बोलत बसली. तिने चार-पाच शब्द चुकवले, त्याने एकही दुरुस्त केला नाही. शहाणा झालाय. घर विकायचं नाही, ठरलं! मी वाटीभर साखर खाल्ली.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उठले तर आईची बॅग दाराशी, खाली टॅक्सी उभी. "टॅक्सी कुणी बोलावली?" "मी. फोन करून." दुपारी तिच्या घरी पोचल्याचाही फोन आला. तिच्या खोलीतली चादर काढायला गेले आणि तशीच बसून राहिले. दादाने ते घर विकून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं आज पहिल्यांदा वाटलं.