बेदाण्यांचं पाकीट

क्लेमेंटी, सिंगापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०१४

चि. इरा,
आशीर्वाद.

इथे सर्व ठीक आहे. आपल्या ब्लॉकला नवा रंग दिला. मी अजून आंग मो किओच्याच ऑफिसात आहे. आलेल्या मालाची तपासणी माझ्याकडेच आहे. खोकी उघडायची, बघायची, पुन्हा बंद करायची. साखर आटोक्यात आहे. आमटी जमते, पोळ्या विकत आणतो.

तिकडे लाइपझिगला थंडी सुरू झाली असेल.

पत्राचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात तुझ्या आईच्या नावाने एक पत्रक आलं. बर्लिनची भिंत पडल्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून जर्मन सिनेमे दाखवणार होते, सगळे पूर्व जर्मनीतल्या राहणीचे आणि तिथून पळून जाण्याचे. सुनेत्रा असे सिनेमे बघायची हे मला माहीत होतं. मला वाटायचं, तू जिथे राहतेस तिथले रस्ते बघायला जाते. मी अडवलं नाही. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

पत्रक टाकून देणार होतो. त्याच दिवशी लिफ्टपाशी शेजारच्या सुरेखावहिनी भेटल्या. हातात कॉफीची पूड होती. मला बघून त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "भाऊजी, सुनेत्रा दर दोन महिन्यांनी हीच न्यायची. इराला पाठवायला."

मी म्हटलं, "तिने शपथ घेतली होती."

"इराशी न बोलायची आणि तिला न लिहायची ना? ती कुठे बोलली? पत्तासुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायची. म्हणायची, माझ्या हातची एक ओळ जायला नको, यांच्या गळ्याची शपथ आहे."

"पण कॉफीच का? जर्मनीत कॉफी मिळत नाही का?"

"ते तुम्ही तिला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगायची की सिनेमातलं आहे. मायलेकींनी मिळून बघितलेला."

तुम्ही दोघी गेला होतात तो सिनेमा मला आठवला. तो पत्रकात होता. काल जाऊन आलो.

तुला तो आठवत असेल. दोन बहिणी, भिंतीच्या दोन बाजूंना. पत्रं फोडली जातात, म्हणून पश्चिमेकडची बहीण पूर्वेकडे पार्सल पाठवते. दोघींची खूण ठरलेली: कॉफी असेल तर मी बरी आहे. नुसते बेदाणे असतील तर ये, कसंही करून ये.

इरा, बेदाण्यांचं पार्सल कस्टमच्या टेबलावर येतं तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. शेजारचा मुलगा माझ्याकडे बघत होता. तो अधिकारी सुरीने टेप कापतो. एक दाणा तोंडात टाकतो. पाकीट वरखाली करून बघतो. मग परत बांधतो आणि पुढे सरकवतो. पूर्वेकडची बहीण मोटारीच्या सीटखाली दडून सीमा पार करते. वेळेवर पोचते.

मी दिवे लागेपर्यंत बसून राहिलो.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

तुझी आई अचानक गेली असं मी तुला सांगितलं. ते खरं नाही. ती अठरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अहो, ओट्यावरच्या कपाटात, डब्यांच्या मागे एक पाकीट आहे. तासगावचे बेदाणे आहेत, विश्वासदादाने दिलेले. पत्ता चिकटवलेला आहे. तेवढं पोस्टात टाका." सुरेखावहिनी तेव्हा नाशिकला होत्या, नाहीतर तिने मला सांगितलं नसतं.

मी घरी येऊन पाकीट काढलं. पत्ता तुझा होता. मला राग आला. वाटलं, माझ्या पाठीमागे हे चालू आहे. एवढी आजारी आणि लेकीला खाऊ पाठवते. पाकीट माझ्या कपाटात ठेवलं, तुझा पासपोर्ट ठेवला होता त्याच खणात. साखरपुड्यापर्यंत तू कुठे जाऊ नयेस म्हणून ठेवलेला. तिने तो काढून तुला दिला, म्हणून तर मी तिला शपथ घातली होती.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "टाकलंत?"

मी म्हटलं, "टाकलं."

"किती दिवस लागतील?"

"आठ-नऊ."

त्यानंतर ती रोज सकाळी नर्सला तारीख विचारायची. दहाव्या दिवशी तिने माझ्याकडून केस विंचरून घेतले. मला नीट जमले नाहीत. तिने पलंग दाराच्या बाजूला वळवायला सांगितला. मला वाटलं, उजेड डोळ्यांवर येत असेल. बाराव्या दिवशी म्हणाली, "टपालाला कधी उशीर होतो, नाही?" मी म्हटलं, "होतो." नंतर तिने विचारलं नाही.

शेवटच्या दोन दिवसांत ती माझा हात धरून होती. मी "शपथ सुटली" एवढंच म्हणायचं होतं. शेजारच्या टेबलावर फोन होता. मी म्हटलं नाही. ती बरी होईल असं मला वाटत होतं, आणि ती बरी झाल्यावर आपला शब्द खाली पडलेला मला नको होता. याहून चांगलं कारण मी शोधलं. सापडलं नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुला फोन केला. तू रडली नाहीस. फक्त विचारलंस, "आईने काही पाठवलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की, बाबा?"

"नक्की."

तू इथल्या बोलीत "ओके लाह" म्हणालीस आणि फोन ठेवलास. लहानपणी मी कशाला नाही म्हटलं की असंच म्हणायचीस. तू "काही सांगितलं का" असं न विचारता "पाठवलं का" असं का विचारलंस, हे मला काल थिएटरात कळलं. हे जवळजवळ वर्षभर तू असं धरून चालली आहेस की आईने तुला बोलावलं नाही.

बोलावलं होतं. दुसऱ्याच दिवशी बोलावलं होतं. ते पाकीट नऊ दिवसांत पोचलं असतं आणि पुढचे सहा-सात दिवस ती शुद्धीवर होती. मी हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला आहे.

त्या अधिकाऱ्याचं कामच अडवायचं होतं. त्यानेसुद्धा पाकीट पुढे पाठवलं.

पाकीट सोबत आहे. टेप तिनेच लावलेली आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांची खोकी उघडली, हे उघडलेलं नाही. बेदाणे आता काळे पडले असतील. खाऊ नकोस.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. ये असं मी लिहीत नाही. पाकिटातला निरोप तिचा आहे, तो माझ्यासाठी वापरायचा मला अधिकार नाही. मात्र तिचे कानातले, दोन साड्या आणि चष्मा तुझ्यासाठी बाजूला ठेवला आहे. तू आलीस तर घराची किल्ली सुरेखावहिनींकडे असेल. मी त्या दिवसांत वुडलँड्सला, ऑफिसातल्या प्रबोधकडे राहीन. त्याला विचारून ठेवलं आहे. तू सांगितलंस तरच घरी येईन.

उद्या सकाळी पोस्ट उघडताच हे टाकतो. पावती जपून ठेवीन.

तुझ्या आईचं टपाल वर्षभर अडवून ठेवणारा,
रवींद्र