शेंड्याकडे धाडलेली दोरी

आबा, काल वर्गात फळ्यावर सदाहरित जंगलातली दोन झाडं काढली. एक सरळसोट, शेंड्याला मूठभर पाला. दुसरं बुटकं, हातपाय पसरून बसलेलं. मग तुमचं वाक्य तोंडात आलं आणि मला पुढं शिकवताच येईना.

मी सांगलीला एम.एस्सी. करत होते. दहिवडीत तेव्हा नुकताच एसटीडी बूथ झाला होता. तिथं फोन करूनच तुम्हाला बोलावलं, कारण झाडांच्या मोजणीसाठी तरण्या पोरीला गाईड सरांबरोबर कोयनेच्या रानात एकटीला कोण धाडणार? तुम्ही आलात ते खांद्यावर घोंगडं टाकून. जन्म माणच्या दुष्काळी माळावर शेरडं राखण्यात, त्यांच्यासाठी बाभळीवर चढून पाला तोडण्यात गेलेला. मी बुंध्यांचे घेर मोजतेय, खालूनच कोन धरून उंची काढतेय, सर वही बघतायत, आणि तुम्ही मध्येच, "आवं सर, ह्यो उंचाडा उजेडामागं पळालाय, म्हणून डोस्कं एवढंसं. ती बुटकी अंजनी बगा, सावलीतच पोट भरतीया. तिला कशाची घाई?" सर हसले. मला वाटलं, तुम्हाला हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आबा, बडबड पुरे. दोरी घेऊन शेंड्याला जा, उंची मोजायचीय."

तुम्ही पायताण काढलं. "मांडीएवढी फांदी हाय, पेलंल की," म्हणालात, आपल्या बाभळीवर म्हणायचात तसंच. पण बाभळीचं लाकूड कुठं आणि भराभर वाढणाऱ्या त्या उंचाड्याचं पोचट लाकूड कुठं! तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. मी ते पुस्तकात वाचलेलं होतं. फांदी काडकन मोडली.

तीन वर्षं तुम्ही बाजेवर पडून होतात. कंबरेखाली काही कळत नव्हतं. शेरडं गेली. येईल त्याला सांगायचात, "पोरीच्या अभ्यासाचं काम व्हतं." मी आले की विचारायचात, "उंची गावली न्हवं?" मी "व्हय" म्हणायचे. तुम्ही गेल्यावर सर भेटायला आले आणि म्हणाले, "तुझे वडील त्या दिवशी काय नेमकं बोलले गं! लिहून ठेवलंस ना?" मी नव्हतं ठेवलं.

हे पत्र त्याच मोजणीच्या वहीत ठेवतेय. उंची तुम्ही चढायच्या आधीच त्यात लिहून झाली होती, आबा. मला तुम्हाला फक्त सरांसमोरून हलवायचं होतं.