ती बसमध्ये चढते का

३ मार्च, सोमवार

प्रिंटरने घात केला! लेकीने शाळेचं काहीतरी आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मेलवर पाठवलं होतं — "आई, तेवढं छापून आण ना, आत्तापर्यंत तीस पानं झालीत." भाषेच्या बाईंनी गोष्ट लिहायला सांगितलीय, पण अख्खी कवितेत. मालक म्हणाले, छापा की. सातवं पान अडकलं. ओढून काढलं, सरळ केलं, आणि वाचू नये ते वाचलं —

पिशवीत दोन ड्रेस, एक वही.
कंगवा घेतला नाही.
जिथे जातेय तिथे
मला अजून कुणी ओळखत नाही,
केस कसेही चालतील.

वर लिहिलंय, वय सोळा. आमचीही सोळाच! पुढचं वाचायचा धीर झाला नाही. पानं पाकिटात घातली. त्यानंतर एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. इतकी वर्षं काचा घासतेय, असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी पाकीट तिच्या हातात दिलं. चेहरा सरळ ठेवला.

४ मार्च

ती आंघोळीला गेल्यावर तिचं दप्तर उघडलं. लिहायलाही लाज वाटते. कंगवा होता. हुश्श! मग वाटलं, कंगव्याचा काय भरवसा?

५ मार्च

ह्यांना सांगितलं. हे वायर सोलत बसले होते. "अगं, गोष्ट आहे ती. मी सातवीत वाघाच्या शिकारीवर निबंध लिहिला होता. मांजर तरी मारलंय का मी कधी?"

हसू आलं. पण पोरगी आठवडाभर गप्प आहे. विचारलं की "काही नाही." ह्या "काही नाही"मध्ये काय काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मीही सोळाची होते.

६ मार्च

विचारायचं. आज नाही, उद्या.

७ मार्च, शुक्रवार

विचारलं! चादरींच्या घड्या घालत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे — म्हणजे कुणालाच सटकता येणार नाही.

"तू कुठे जाणार आहेस का?"

"कुठे?"

"पिशवी घेऊन. कंगवा न घेता."

बघतच राहिली. मग जी हसायला लागली! "आई, तू वाचलंस! मी कुठे जाणार? सहलीला गेले तरी दुसऱ्या दिवशी घर आठवतं मला."

मटकन पलंगावर बसले. चार दिवसांचा धोंडा छातीवरून उतरला! हसले, रडले, नाक चादरीलाच पुसलं. आता ती परत धुवा!

"मग ती मुलगी कोण गं?"

तिचं हसू थांबलं. "तू. मावशीने सांगितलं मला."

८ मार्च

काल पुढे लिहवेना. सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, ह्या वहीलाही नाही.

दुसऱ्या गावी नकाशे काढायला शिकवायचे. मला तेच शिकायचं होतं. बाबा म्हणाले, "नकाशे काढून कुणाचं पोट भरलंय?" विषय संपला. मी पिशवी भरली आणि गुपचूप स्टँडवर गेले. बस आली. दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, "यायचंय का पोरी?" पाय उचललाच नाही. बस गेली.

परत आले तर दारात ताई. तिने पिशवी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन सगळ्यांना सांगितलं, "मैत्रिणीकडे होती." झाकली मूठ ती झाकलीच राहिली.

सकाळी ताईला फोन केला. चांगली फैलावर घेतली. ती म्हणते, "अगं, पोर विचारत होती, आई माझ्याएवढी असताना कशी होती. काय सांगू, डोंबल? वेण्या घालायची? जे खरं होतं ते सांगितलं."

राग टिकेना. उलट हलकं वाटलं! इतकी वर्षं मला त्या पोरीची लाजच वाटायची — धड गेली नाही, धड राहिली नाही. आणि हिला तिच्यावर तीस पानं लिहावीशी वाटली.

दुपारी तिने आपणहून सगळी पानं दिली.

कुणाची तरी मुलगी,
कुणाची तरी धाकटी.
एकदा नुसती मी म्हणून
उतरायचंय कुठेतरी.

असं मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. वाटत मात्र अगदी असंच होतं!

तिसावं पान बसच्या उघड्या दारापाशी थांबतं.

"शेवट कुठाय?"

"जमत नाहीये. सोमवारी द्यायचंय."

"त्यात काय! ती घरी येते. झालं ते तसंच."

"पण मला तिला जाऊ द्यायचंय, आई." मग अगदी हळू — "आणि ती गेली, तर मी कुठून येणार?"

म्हणजे आठवडाभराचं "काही नाही" ते हे! जवळ घेतलं. एवढी घोडी झाली, तरी डोकं अजून माझ्या हनुवटीखाली मावतं.

९ मार्च

दिवसभर तिच्या खोलीचं दार बंद. मी डोकावले नाही. जेवायला आली, बोटांना शाई, भात दोनदा घेतला.

१० मार्च, सोमवार

शाळेत जाता जाता एकतिसावं पान माझ्या हातात कोंबून पळाली.

चढले.
खिडकीशी एक मुलगी,
माझ्याच वयाची,
नाक थेट माझ्यासारखं.
म्हणाली, बस ना.
कधीची जागा धरलीय.